तळदर्शीला दिसलेलं भुयार

जमिनीखाली काय आहे हे कोणालाच दिसत नाही, ही निसर्गाने माणसावर केलेली फार मोठी कृपा आहे. त्यामुळे जमिनीखाली काय आहे याविषयी प्रत्येकाला ठाम मत बाळगता येतं.

ही कृपा दूर करण्याचं काम मी आणि शुभ्रा भोरमधून करतो. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमची कंपनी आहे. कंपनीत आम्ही दोघंच असल्यामुळे मतभेद झाला तर बहुमत होत नाही. शुभ्रा भूभौतिकी शिकलेली आहे. मी, स्वानंद, वाणिज्य शाखेचा. पण मला रंगांची उत्तम जाण आहे असं आमच्या माहितीपत्रकात म्हटलेलं आहे. (माहितीपत्रक मी लिहिलं.)

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव ‘तळदर्शी’. ते काय करतं हे थोडक्यात सांगणं माझं कर्तव्य आहे. एक पेटी असते. ती जमिनीवरून ओढत न्यायची. पेटी जमिनीत रेडिओ लहरी सोडते. खाली पाइप, दगड, पोकळी असं काही आड आलं की लहर परत फिरते. ती किती वेळाने परतली त्यावरून वस्तू किती खोल आहे ते काढायचं. आडात दगड टाकून कान देतात, त्याच घराण्यातली ही विद्या. मात्र पेटीतून बाहेर येतात त्या हजारो थरथरत्या रेघा. त्या पाहून सामान्य माणसाला काहीही कळत नाही, आणि तज्ज्ञाला काही कळलं तरी ते दुसऱ्याला पटवता येत नाही. तळदर्शी या रेघांचं चित्र करतं. त्यात एक बटण ‘स्वच्छ करा’ असं आहे, एक ‘उठाव द्या’ असं आहे, आणि बाकीची रंगांची आहेत. लहरींचं गणित शुभ्राचं. रंग माझे: भंडारा, जांभूळ, ओली माती, सुकी माती, लग्नपत्रिका वगैरे. ग्राहक गणिताबद्दल कधी काही विचारत नाहीत. ‘लग्नपत्रिका’ मात्र पुन्हापुन्हा लावून दाखवायला सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात मार्गासनीहून वेल्ह्याकडे जाताना आत फुटणाऱ्या एका वाडीचे सरपंच आनंदराव आमच्या माडीवर आले. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण आनंदरावांना एसटीने भोर स्टँडवरच्या वेल्ह्याच्याच फलकाखाली आणून सोडलं होतं.) वाडीचं नाव उंबरमाळ. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने वाडीच्या टाकीत येतं. ते दोन वर्षांपासून कमी कमी होत आता करंगळीएवढं झालं होतं. पाइप कुठेतरी फुटला होता किंवा तुंबला होता. पण मध्यंतरी रस्ता रुंद झाला, मुरूम पडला, डांबर पडलं, आणि पाइप नेमका कुठून गेला आहे यावर वाडीत जितकी घरं तितकी मतं झाली.

“सगळा रस्ता उकरायचा म्हंजे पुन्यांदा रस्ता मागायला जावं लागंल,” आनंदराव म्हणाले. “तुमचं यंत्र वरनंच सांगतं म्हनं.”

“नक्की सांगतं,” मी म्हणालो.

“बहुतेक सांगतं,” शुभ्रा म्हणाली.

आनंदरावांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. कोणाचं ऐकायचं हे लोकप्रतिनिधीला उपजतच कळतं.

पाहणीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आमच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की पाइप शोधताना पेटी पाइपाला काटकोनात, म्हणजे रस्त्याच्या आडवी ओढावी. हा नियम अत्यंत शास्त्रीय आहे. परंतु रस्त्याच्या एका बाजूला गटार होतं, दुसऱ्या बाजूला निवडुंगाचं कुंपण, आणि मधल्या मोकळ्या जागेत एक म्हैस बसली होती. तिने पुस्तिका वाचलेली नव्हती. तेव्हा मी क्षेत्रीय परिस्थिती लक्षात घेऊन पेटी रस्त्याला धरून सरळ ओढण्याचा निर्णय घेतला. शुभ्राने हरकत घेतली. मी ती नोंदवून घेतली. (मनात.)

दुपारी आम्ही साळूबाई आणि कुंडलिकराव यांच्या अंगणात भाकरी खाल्ली. रस्त्याला लागूनच त्यांचं घर. अंगण असं चोपलेलं की सांडलेले तांदळाचे कण वेचून घ्यावेत. साळूबाईंची मुलगी प्रेरणा हिचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, आणि मांडव याच अंगणात पडायचा होता.

“पानी तेवडं तोवर यू द्या, दादा,” साळूबाई मला वाढता वाढता म्हणाल्या. “दोनशे मानूस जेवंल. टँकर आला तर आला, त्याचा काय भरवसा?”

“तुम्ही काळजी करू नका, मावशी,” मी म्हणालो. रस्ता ओलांडून अंगणावरून गेलेल्या विजेच्या तारेवर एक वेडा राघू बसला होता. त्याचा मी फोटो काढला, ‘ऑन ड्यूटी’ असं लिहून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला आणि पुन्हा कामाला लागलो.

भोरला परत येऊन मी रेघा तळदर्शीत घातल्या. सुरुवातीला चित्रात खालून वरपर्यंत नुसते आडवे पट्टे दिसत होते. हे आमच्या धंद्यात अशुभ समजतात. मी ‘स्वच्छ करा’ दाबलं. हे बटण काय करतं ते सांगतो. पेटीच्या स्वतःच्या गुणगुणीमुळे प्रत्येक रेघेत तोच तोच कचरा येतो. म्हणून सगळीकडे जे सारखंच आढळतं ते निरर्थक समजून पुसून टाकायचं आणि जे वेगळं उठून दिसतं तेवढं ठेवायचं. एखाद्या संस्थेत नवा साहेब आला की तो हेच करतो. पट्टे गेले. चित्र धुतल्यासारखं झालं. मग मी ‘उठाव’ दिला. काही दिसेना. आणखी दिला. तेव्हा साळूबाईंच्या अंगणासमोर, पुरुषभर खोलीवर, एक कमान हळूहळू उमटली. मोठी, रेखीव, दोन्ही बाजूंना उतरत गेलेली. मी तिला ‘भंडारा’ रंग दिला आणि खुर्चीत मागे टेकून बसलो. माझ्या हातून आजवर इतकं सुंदर चित्र झालेलं नव्हतं.

पाइप मात्र कुठेच नव्हता. अहवालात मी लिहिलं: ‘सर्वेक्षित पट्ट्यात जलवाहिनीसदृश परावर्तक आढळून येत नाही. तथापि एका ठिकाणी लक्षणीय कमानसदृश विसंगती आढळते.’ शुभ्रा त्या दिवशीच आठवडाभरासाठी आईला घेऊन सातारला गेली होती. ती परत येईपर्यंत थांबावं असं मला वाटलं. परंतु चित्र इतकं चांगलं आलं होतं की मी ते आनंदरावांना पाठवलं.

वेल्हे तालुक्यात दर गावामागे सरासरी दीड भुयार आहे, असा माझा अंदाज आहे. एक गडावरून निघतं, आणि अर्धं दुसऱ्या गावाच्या भुयाराला कुठेतरी मिळतं. उंबरमाळ तेवढं गाव भुयाराविना होतं, आणि त्याची खंत वाडीला होती हे मला नंतर कळलं. शेजारच्या गावांतले लोक लग्नकार्यात ते बोलूनही दाखवत असत. अशा वाडीच्या मोबाईलवर ती पिवळीधमक कमान गेली.

दुसऱ्या सकाळी आनंदरावांचा फोन आला. आवाज बदललेला होता.

“साहेब, हे राजगडाकडनं आलंय का तोरन्याकडनं?”

“काय?”

“भुयार.”

मी म्हणालो की भुयार असा शब्द आमच्या अहवालात नाही. आनंदराव म्हणाले, व्हय व्हय, समजलं, फोनवर बोलायचं न्हाई.

पुढच्या दिवसांत उंबरमाळची जी प्रगती झाली ती विकासाच्या कोणत्याही योजनेने झाली नसती. चावडीवर माझ्या चित्राची मोठी प्रत फ्लेक्सवर छापून लागली. (रंगछपाई उत्कृष्ट.) खाली आनंदराव आणि सदस्य यांचे फोटो, आणि कोपऱ्यात माझाही, जो कोणी माझ्या व्हॉट्सॲपच्या डीपीवरून घेतला असावा. पुण्याहून एक जण मोटारसायकलवर व्हिडिओ काढायला आला. भुयारात घोडा मावेल का, यावर वाडीत दोन पक्ष पडले. पाण्याचा विषय आपोआप मागे पडला. करंगळीएवढ्या धारेखाली हंडे लागायचे, आणि रांगेतल्या बायका हंडा भरेपर्यंत फ्लेक्स पाहत उभ्या राहायच्या.

रस्ता फोडायचा नव्हता, म्हणून खणायचं ठरलं ते रस्त्यालगतच्या अंगणात. कुंडलिकराव आधी खणायला तयार नव्हते. मग त्यांच्या लक्षात आलं की भुयाराचं तोंड अख्ख्या वाडीत फक्त त्यांच्याच अंगणात आहे. ते तयार झाले. राहिल्या साळूबाई.

आनंदरावांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. साळूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मागे प्रेरणा हळदीच्या साडीला फॉल लावत होती; तिने मान वर केली नाही.

“दादा, म्या अडानी हाय,” साळूबाई म्हणाल्या. “समदं गाव म्हनतंय खना. मालक बी म्हनत्यात खना. माज्या पोरीचा मांडव हितं पडायचा हाय. तुमी मला एकदाच सरळ सांगा. खाली काय हाय का न्हाई?”

इतका सरळ प्रश्न मला धंद्यात कोणी विचारलेला नव्हता. दारात वीस-पंचवीस माणसं उभी होती, आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती त्या नजरेने आमच्या घरातही मला कोणी कधी पाहिलेलं नाही. मी घसा साफ केला.

“शक्यता नाकारता येत नाही,” मी म्हणालो.

हे वाक्य संपूर्ण खरं आहे. ते चंद्रावर ससा आहे का याबद्दलही खरं आहे. पण साळूबाईंनी ते ऐकून पदर कमरेला खोचला, अंगणातली तुळशीची कुंडी उचलून आत नेली आणि म्हणाल्या, “मग खना.” मागे प्रेरणाने सुई तशीच साडीत ठेवली आणि आत निघून गेली. मला दिलेला चहा मी उभ्यानेच प्यालो.

शुभ्रा परत आल्यावर तिने चित्र पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग तिने संगणकावर त्या कमानीच्या उताराशी एक रेघ जुळवली.

“स्वानंद, ही लहर जमिनीत गेलेलीच नाही.”

“म्हणजे?”

“या उतारावरून लहरीचा वेग निघतो. हा वेग हवेतला आहे. मातीतल्याच्या तिप्पट. आपली पेटी जुनी आहे, वरून बंद नाही. तिची लहर वरही जाते. वर कशावर तरी आपटून आली, आणि आपल्या सॉफ्टवेअरला वाटलं खालून आली.”

“वर काय असणार? वर आकाश आहे.”

तिने माझा मोबाईल उचलला आणि स्टेटसला ठेवलेला तो फोटो समोर धरला. वेडा राघू. त्याच्या पायाखाली तार.

वर तीन पुरुष उंचीवर असलेली तार तळदर्शीने एक पुरुष खोल गाडून, तिला भंडाऱ्याचा रंग देऊन, वाडीच्या स्वाधीन केली होती. मी विचारलं की मग पाइप कुठे आहे. शुभ्राने ‘स्वच्छ करा’ काढून टाकलं. आडवे पट्टे परत आले. त्यांतला एक पट्टा, कमरेपेक्षा थोडा कमी खोलीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला होता.

“पाइपाच्या बरोबर डोक्यावरून तू पेटी ओढत गेलास,” ती म्हणाली. “म्हणून तो सगळीकडे सारखा दिसला. म्हणून तो कचऱ्यात गेला.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “चित्र मात्र चांगलं होतं.” शुभ्रा उठून खिडकीशी गेली आणि गिरणीचा पट्टा फिरताना पाहत राहिली. ती रागावली की ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही दोघंही त्याच दिवशी उंबरमाळला गेलो. आनंदरावांनी देवळाच्या पारावर माणसं जमवली. मी उभा राहून प्रथमच एक सरळ वाक्य बोललो.

“ती कमान भुयाराची नाही. वरच्या विजेच्या तारेची आहे.”

आनंदराव वर बघून म्हणाले, “साहेब, तार वर हाय. चित्रात खाली दिसतंय.”

“हो. तेच तर.”

“म्हंजे तुमचं सॉफ्टवेअर वरचं खाली दावतं?”

हा प्रश्न मोठा अवघड होता. हो म्हणावं तर तळदर्शी कुचकामी ठरतं. नाही म्हणावं तर भुयार सिद्ध होतं. शुभ्रा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “विशिष्ट परिस्थितीत.”

“व्हय, दाखवतं,” शुभ्रा मोठ्याने म्हणाली. “चुकीचं दाखवलं. आमची चूक आहे. खणू नका. पाइप रस्त्याखाली आहे, तो शोधू.”

सभेच्या मागून कोणीतरी म्हणालं, “साहेबास्नी वरनं प्रेशर आलंय.”

आणि सगळ्यांना ते पटलं. जी गोष्ट एका वाक्यात पटते तिच्यापुढे लहरींचा वेग काय टिकणार? आनंदराव माझ्याजवळ आले आणि हळूच माझा दंड दाबून म्हणाले, “समजलं, साहेब. तुमी सांगायचं काम केलं. आता तुमच्यावर काय न्हाई.” शुभ्राच्या वाक्याला कोणी उत्तरच दिलं नाही. ते सगळीकडे सारखं, एकाच उंचीचं आणि सरळ होतं, म्हणून पुसलं गेलं.

फक्त साळूबाईंनी तिला विचारलं, “बाई, खरंच काय न्हाई का खाली?”

“माती आहे, मावशी.”

साळूबाईंनी कुंडलिकरावांकडे पाहिलं. ते कुदळीला दांडा बसवत होते.

खोदकाम सुरू झालं. जेसीबी आणला होता; पण वरच्या तारेमुळे त्याला हात उचलता येईना. (या गोष्टीचा अर्थ काय असावा यावर कोणी विचार केला नाही. मीही तिथे उभं राहून ‘जरा डावीकडून घ्या’ असंच म्हणत होतो.) म्हणून कुदळी, फावडी, घमेली. चोपलेलं अंगण पहिल्या घावाला फुटलं तेव्हा भांडं फुटल्यासारखा आवाज आला. साळूबाई आत निघून गेल्या. पुरुषभर खोल गेले, माती. खड्डा वाढवला, मुरूम. मग एक मोठा गोटा लागला तेव्हा पायरी म्हणून गुलाल उधळला गेला. गोटा निघाला. त्याखाली अजून मुरूम. कोणीतरी म्हणालं, तोंड रस्त्याच्या अंगाला असंल. खड्डा रस्त्याकडे सरकू लागला. पडवीच्या कडेला बोटभर भेग पडली आणि कुंडलिकरावांनी पहिल्यांदाच कुदळ खाली ठेवली.

तेवढ्यात एका कुदळीचा आवाज वेगळा आला, आणि पाणी उडालं.

साधंसुधं नव्हे, माणसाच्या डोक्यावरून. ते पार तारेच्या दिशेने उडालं. खड्ड्यातली माणसं लोळत, घसरत बाहेर आली. बायका हंडे घेऊन धावल्या. शुभ्रा चिखलात गुडघाभर उभी राहून ओरडत होती, “इथपर्यंत पाणी जोरात आहे! म्हणजे पुढे तुंबलंय! पुढचं बघा!”

तिचं म्हणणं या वेळी ऐकलं गेलं, कारण ती भिजलेली होती. पुढे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी काढणारी मोरी होती. रस्ता रुंद करताना मोरीचं काँक्रीट पाइपाच्या बोकांडी बसलं होतं आणि पाइप चेपला होता. तो तुकडा बदलला. करंगळीची धार मनगटाएवढी झाली. टाकी भरून वाहिली तेव्हा प्रेरणा तिथे येऊन उभी राहिली आणि उगाच दोन्ही हातांनी पाणी उडवत राहिली. तेवढा वेळ मला स्वतःबद्दल बरं वाटलं. त्यात माझा काही संबंध नाही हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

अंगण उरलं होतं. खड्डा बुजवला तरी चिखल होता, भेग होती, आणि लग्न तोंडावर. साळूबाईंनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी एक धुम्मस आणून माझ्या हातात दिली.

“चोपा,” म्हणाल्या. “दादा, शक्यता-बिक्यता न्हाई. गोटी सोडली तर जागची हलाय न्हाय पायजे, असं चोपा.”

मी चोपलं. कुंडलिकरावांनी चोपलं. आनंदरावांनी फोटोपुरतं चोपलं, मग साळूबाई तिथेच उभ्या राहिल्यामुळे पुढेही चोपलं. हाताला फोड आले. शुभ्राने भेगेत चुन्याचं मिश्रण भरलं. शेणाने सारवल्यावर साळूबाईंनी स्वतः चालून पाहिलं, एक जागा पुन्हा चोपायला लावली, आणि तुळशीची कुंडी बाहेर आणून ठेवली.

लग्न तिथेच झालं. पंगतीला पाणी पुरून उरलं. जेवणानंतर आनंदरावांनी माईकवरून आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. ते म्हणाले की तळदर्शी नसतं तर आपण तिथे खणलंच नसतं, आणि खणलं नसतं तर पाणी मिळालं नसतं. मी या तर्कात चूक शोधली. अजून शोधतो आहे. शुभ्राने नारळ घेतला, शाल परत केली. मी शाल घेतली, कारण ती भंडाऱ्याच्या रंगाची होती.

यानंतर तळदर्शीत आम्ही एक सुधारणा केली. ‘स्वच्छ करा’ दाबलं की आता एक चौकट येते: ‘जे पुसलं जाणार आहे ते आधी पाहायचं आहे का?’ ती चौकट बंद कशी करायची, एवढंच आजवर ग्राहकांनी आम्हाला विचारलं आहे.

हा अनुभव मी आता ठिकठिकाणी व्याख्यानात सांगतो. श्रोते शिकलेले असतात. तार, हवा, लहरीचा वेग, सगळं त्यांना तत्काळ कळतं. वाडीच्या भाबडेपणाला ते मनमोकळं हसतात, साळूबाईंच्या अंगणासाठी हळहळतात. आणि व्याख्यान संपल्यावर चहाचा कप घेऊन एकेक जण मला कोपऱ्यात गाठतो आणि आवाज उतरवून विचारतो: ते सगळं ठीक आहे हो, पण पाणी लागल्यामुळे खोदायचं थांबलं ना? अजून थोडं खाली गेले असते तर?

तुम्ही तसं काही विचारणार नाही याची मला खात्री आहे. तरीही वाडीचं खरं नाव मी इथे दिलेलं नाही. मार्गासनीच्या पुढे कुठे आत रस्ता फुटतो ते पाहायला मोबाईलवर नकाशा उघडला असेल, तर कृपया बंद करावा.